मांत्रिकाचा उंबरठा आणि कायद्याची हद्द

देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील एखाद्या खेड्यात तरणाताठा मुलगा रात्र रात्र जागू लागला, स्वतःशीच बोलू लागला, की घरची मंडळी त्याला प्रथम मांत्रिकाकडे नेतात. यात केवळ अडाणीपणा पाहणे ही शहरी अहंमन्यता होय. मांत्रिक त्यांच्याच बोलीत बोलतो, सगळे ऐकून घेतो. आणि ‘बाहेरची बाधा’ म्हटली की कुळाला वेडाचा बट्टा लागत नाही, बहिणीचे लग्न अडत नाही. याउलट प्रादेशिक मनोरुग्णालय दूर नागपुरात, आणि तेथे जाऊन आल्याचा शिक्का पुसता पुसत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ साली, राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरले. ते ठरायलाच हवे होते. परंतु त्याच कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय उपचारांपासून रोखण्याचा जो गुन्हा सांगितला आहे, तो कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या माणसाबाबत, किंवा भुताच्या कोपाची भीती घालून अघोरी उपायांकडे वळवण्याबाबत. मनोविकाराचा तेथे उल्लेख नाही! चाबूक न उगारता, नुसत्या अंगाऱ्यावर रुग्णाला वर्षभर झुलवत ठेवणाऱ्याचे काय करावयाचे?

गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ साली निराळी वाट धरली गेली. मुजावरांनीच रुग्णाला आवारातील डॉक्टरांकडे पाठवावे. दुआही चालावी, दवाही. गोंदियात २०१६ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील मानसोपचारतज्ज्ञाने आठवडी बाजाराच्या दिवशी देवरीत बसावे आणि पहिले बोलावणे मांत्रिकाला धाडावे.