बोटीचा रंग: पैसे डब्याचे नाही, घासकामाचे घ्या!

रंगकाम म्हटलं की आपल्याला घराची भिंत आठवते, फार तर लोखंडी गेट. आज आपण जरा वेगळ्या कामाबद्दल बोलू: ॲल्युमिनियमच्या बोटीचा तळ तयार करून रंगवणं.

तुम्ही म्हणाल, श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापुरात बोटीचं काय काम? नकाशा काढा. बेलापूर प्रवरेच्या काठावर. वरच्या अंगाला अकोले तालुक्यात भंडारदरा. राहुरीकडे मुळा धरण. खाली प्रवरासंगमला हीच प्रवरा गोदावरीला मिळते आणि पाणी जायकवाडीच्या नाथसागरात जातं. मासेमारी, पर्यटन, पुरातलं बचावकार्य, सगळ्यांना बोट लागते. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या किती, हे आधी स्वतः फिरून मोजा. मगच खिशात हात घाला.

हा पत्रा लोखंडासारखा वागत नाही

ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ थर चढतो. हा थर धातूला जपतो, पण त्यावर रंग नीट धरत नाही. म्हणून गेटसाठी वापरतो तो रेड ऑक्साइड मारला, वरून चकचकीत ऑइल पेंट दिला, तर बोट दोन-चार महिने छान दिसेल आणि मग खपल्या सुटतील. दोष रंगाचा नसतो, खालच्या तयारीचा असतो.

कामाचा क्रम

१. धुणं. शेवाळ, चिखल, ग्रीस साबणाच्या पाण्याने काढा. पत्रा वाळला की सॉल्व्हंटने पुसा. एका फडक्याने ओलं पुसायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. एकच फडकं फिरवलं तर तेल निघत नाही, नुसतं पसरतं. कॉस्टिक सोडा अजिबात नको. तो ॲल्युमिनियमलाच खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो.

२. घासणं. ८० ते १८० नंबरचा पॉलिश पेपर वापरा. लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच झीज सुरू होते. जुना रंग घट्ट असेल तर सगळा काढायची गरज नाही, कडा उतरत्या करून घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी लावून घासा आणि तोंडाला मास्क लावा.

३. पाण्याची परीक्षा. स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी एकसंध पसरलं तर पत्रा साफ. थेंब-थेंब होऊन बसलं तर तेलकटपणा शिल्लक आहे, पुन्हा पुसा आणि घासा.

४. प्राइमर. पत्रा पूर्ण वाळवून त्याच दिवशी ॲल्युमिनियमला चालणारा दोन डब्यांचा इपॉक्सी प्राइमर मारा. उद्यावर ठेवलं तर ऑक्साइड पुन्हा चढतो. काही इपॉक्सी एच प्राइमरवर चालत नाहीत, म्हणून प्राइमर आणि वरचा रंग एकाच कंपनीचा घ्या आणि माहितीपत्रक वाचा.

५. रंग. पॉलियुरेथेनचे दोन हात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. योग्य मास्क आणि सोय नसताना फवारा मारू नका, सुरुवात ब्रश-रोलरनेच करा.

हवामान सांभाळा. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर थिनर लगेच उडतं आणि रंग नीट पसरत नाही, म्हणून सकाळी, सावलीत काम धरा. हवेत ८५ टक्क्यांवर आर्द्रता असेल तर थांबा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, बोटी काठावर येतात. तुमचा हंगाम तोच.

गिऱ्हाइकाचा खर्च वाचवा

समुद्रातल्या बोटींच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून अँटीफाउलिंग रंग देतात. आपल्याकडे गोडं पाणी आहे, समुद्री शिंपल्यांचा प्रश्नच नाही. शिवाय अशा बऱ्याच रंगांत तांबं असतं, आणि तांबं ॲल्युमिनियमला लागलं की पत्रा झिजतो. "हे तुम्हाला लागत नाही," असं तोंडावर सांगा. गिऱ्हाईक अशा वाक्यावर विश्वास ठेवतं.

आता हिशेब

हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे दर घाला. समजा १४ फुटी बोट, बाहेरून साधारण ८० चौरस फूट. रंग-प्राइमर ४,५०० रुपये. पेपर, सॉल्व्हंट, मास्क, टेप ८००. धुणं-घासणं ४ रोज, रंगवणं २ रोज. रोज ७०० रुपये धरला तर मजुरी ४,२००. एकूण ९,५००. वर २० टक्के नफा धरला की दर ११,४००.

नवखा माणूस काय करतो? डब्याचे ४,५०० आणि रंगवण्याचे १,४०० मोजतो आणि "६,००० मध्ये करून देतो" म्हणतो. तयारीचे ३,६०० रुपये त्याच्या कागदावरच नसतात. मग एक तर तो स्वतःच्या खिशातून घालतो, नाहीतर घासकाम उरकतो. पुढच्या हंगामात खपल्या निघाल्या की तीच बोट फुकट रंगवून द्यावी लागते. शिवाय एका धरणावर सगळे एकमेकांना ओळखतात. एक बोट सोलली की दहा कामं जातात.

म्हणून कोटेशनमध्ये दोन वेगळ्या ओळी लिहा: "पृष्ठभाग तयारी" आणि "रंगकाम". पाण्याची परीक्षा गिऱ्हाइकासमोर करा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो द्या. कोणी "घासकाम कमी करा, पैसे कमी घ्या" म्हणालं, तर हात जोडून काम सोडा. तो तोटा नाही, बचत आहे.

या आठवड्याचं काम

ॲल्युमिनियमचा हातभर जुना पत्रा घ्या. अर्धा नुसता पुसून रंगवा, अर्धा वर सांगितलेल्या क्रमाने. आठ दिवस वाळू द्या. मग दोन्हीकडे ब्लेडने चौकटी मारा, चिकटपट्टी लावा आणि झटक्यात ओढा. रंग कुठला निघतो ते बघा. तोच पत्रा पहिल्या गिऱ्हाइकाकडे घेऊन जा. वेगळ्या जाहिरातीची गरज पडणार नाही.