मनाच्या दुखण्यावर संवादाचा उपचार

‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत आपल्या भागात सहसा कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. जीव कशातच लागत नाही, रात्रभर डोळा लागत नाही, छातीत धडधडते, अंगात त्राण उरले नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस येतो आणि बहुधा शक्तीच्या गोळ्या घेऊन परततो. काही जण याच अफझलपूर तालुक्यातील गाणगापूरची वाट धरतात. श्रद्धेने मिळणारा दिलासा कमी लेखण्याचे मला कारण दिसत नाही. पण त्या दिलाशाबरोबर उपचारही घेता येतो, हे त्या माणसाला कोणी सांगितलेले नसते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना आढळले.

उपचार म्हणजे केवळ औषध नव्हे. पद्धतशीर संवाद हाही एक उपचारच आहे, आणि समजूत घालण्याहून तो निराळा आहे. ‘मन घट्ट कर’ असे सांगणाऱ्यांची गावात कधीच वाण नसते. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो: शेताकडची फेरी, भजन, बाजार, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणे. जे सुटते त्याबरोबर समाधानाचे क्षणही आटतात, मन अधिक खचते आणि मग आणखी काही सुटते. ‘मन थाऱ्यावर आले की कामाला लागेन’ असे तो म्हणत राहतो. समुपदेशक हा क्रम उलटा करतो. या आठवड्यात सकाळी तुरीच्या शेताच्या बांधापर्यंत जायचे, एवढेच दोघांनी ठरवायचे. गेल्यावर कसे वाटले, जमले नसेल तर काय आडवे आले, हे पुढच्या भेटीत बोलायचे आणि त्यावरून पुढची पायरी ठरवायची. चिंतेच्या विकारातही भीतीपोटी टाळलेल्या गोष्टींकडे असेच क्रमाक्रमाने वळावे लागते.

यासाठी मोठ्या पदवीचा तज्ज्ञच हवा काय? गोव्यातील ‘संगथ’ संस्थेने या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने दिले. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९३ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ संवादभेटी मिळाल्या. भेटी घेणारे स्थानिक होते; मनोविकारशास्त्राचे पूर्वशिक्षण नसले तरी त्यांना या कामाचे प्रशिक्षण व देखरेख मिळाली होती. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने घरोघरी जाऊन असेच काम केले. तेथे दीड वर्षात मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

आपल्या सीमाभागात या उपचाराला भाषेचा पेच आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी उर्दू, अशी आपली रीत. व्यवहार तिन्हींत चालतो. पण मृत मुलाविषयी किंवा कर्जाच्या धास्तीविषयी बोलताना माणूस आईच्याच भाषेकडे वळतो. गोळी कोणत्याही भाषेत गिळता येते. संवादाच्या उपचारात भाषा हेच औषध असते. म्हणून आरोग्य केंद्रातील समुपदेशक याच पंचक्रोशीतला असणे, ही सोय नसून उपचाराची अट आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा नमुना कर्नाटकातच, १९८०च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात घडला आणि १९९६ पासून तो देशभर नेण्यात आला. त्याने औषध तालुक्यापर्यंत आणले. रुग्णाशी अर्धा तास बोलेल असा माणूस मात्र गर्दीच्या दवाखान्यात वेगळा नेमावा लागतो. आरोग्य केंद्राच्या मागण्या मांडताना ग्रामसभेने व आपल्या माजी विद्यार्थ्यांनी हे पदही मागावे, असे मला वाटते.

तोवर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा दूरध्वनी क्रमांक जवळ असावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा विनामूल्य, दिवसरात्र आणि मराठीसह अनेक भाषांत मिळते. जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचार मनात येत असतील, तर मात्र माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.