ओढून न येणाऱ्या गोष्टी

जे विहिरीत पोहायला शिकले आहेत, त्यांना पहिल्या दिवसाची एक गंमत नक्की आठवत असेल. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधलेला असतो, काठावर काका किंवा मामा उभे असतात, आणि तरीही पाण्यात पडल्याबरोबर पोरगं हातपाय झाडायला लागतं. जितकं झाडतं तितकं नाकातोंडात पाणी जातं. काठावरून ओरडा येतो, ‘अरे, अंग सैल सोड!’ घाबरलेल्या जिवाला याहून विचित्र सल्ला दुसरा कुठला नसेल. पण तो अगदी शास्त्रशुद्ध आहे. छातीत हवा भरलेली असताना माणसाचं शरीर बहुधा पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. किंचितच. त्यामुळे नाकतोंड वर आणि बाकीचं शरीर पाण्यात, एवढीच सोय निसर्गानं करून ठेवलेली आहे. घाबरलेला माणूस मात्र डोकं, खांदे, हात, सगळंच बाहेर काढायला बघतो. जेवढं वजन बाहेर निघतं, त्याच्या भारानं उरलेलं शरीर खाली जातं. वर येण्याची धडपडच त्याला खाली नेते.

आपल्या पिढीवर ‘प्रयत्नांती परमेश्वर’ हा संस्कार इतका पक्का झाला आहे, की काही गोष्टी प्रयत्नानं लांब पळतात हे मान्य करायला जड जातं. पण अशा गोष्टी थोड्याथोडक्या नाहीत. ओठांवर आलेलं आणि नेमकं विसरलेलं नाव. लग्नाच्या हॉलमध्ये फोटोग्राफरनं ‘नैसर्गिक हसा’ म्हटल्यावरचं हसू. नव्या सुनेशी सासूनं ठरवून केलेल्या मोकळ्या गप्पा. आणि या सगळ्यांची महाराणी म्हणजे झोप.

साठी ओलांडलेल्या वाचकांना झोपेबद्दल मी वेगळं काय सांगणार! साडेदहाला दिवा मालवायचा, साडेअकराला घड्याळ बघायचं, ‘आता झोपलो तरी सहा तास मिळतील’ असा हिशेब मांडायचा. साडेबाराला पुन्हा बघायचं, की पाच तास. प्रत्येक हिशेबागणिक झोप एक पाऊल मागे सरकते. यातली मेख अशी, की झोप आली का हे तपासायला जागं राहावं लागतं. पहारेकरी जागा असेपर्यंत घर झोपत नाही, आणि इथे पहारेकरी आणि घर एकच.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. नाझींच्या छळछावण्यांतून वाचून आलेला हा माणूस. झोप येत नाही म्हणून येणाऱ्या रुग्णाला ते सांगत, झोपायचा प्रयत्न करू नका, उलट जितका वेळ जागं राहता येईल तितकं राहून दाखवा. चारचौघांत घाम फुटेल या धास्तीनंच घामाघूम होणाऱ्या एका तरुण डॉक्टरला त्यांनी सल्ला दिला, की लोकांना आज दाखवूनच द्या तुम्हाला किती घाम येतो ते. वर्षानुवर्षांचा त्रास आठवड्याभरात गेला, असं त्यांनी नोंदवलं आहे. ऐकायला ही थट्टा वाटते. पण ज्या गोष्टीच्या भीतीनं मन आवळलं गेलं होतं, तीच गोष्ट आपण होऊन मागितली की आवळणं उरत नाही.

आजचे झोपेचे डॉक्टरही याच वाटेनं जातात. निद्रानाश जुनाट असेल तर गोळीच्या आधी विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेनं २०१६ साली केली. तिच्यातला एक नियम आपल्या आजीलाही पटला असता. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका; उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी साधं करा, डोळे जड झाले की परत या. आणि सकाळी उठण्याची वेळ मात्र बदलू नका. गंमत पाहा, या पद्धतीत शिस्त भरपूर आहे. सकाळी ठरल्या वेळी उठणं कुणाला आवडतं? पण ती शिस्त झोपेवर चालवायची नाही, झोपेच्या आसपासच्या गोष्टींवर चालवायची. प्रयत्न सोडायचा नाही, त्याची जागा बदलायची. मला स्वतःला या विषयात एवढंच काय ते महत्त्वाचं वाटतं.

माझ्या एका मित्राला मुलानं परदेशातून झोप मोजणारं मनगटी घड्याळ पाठवलं. सकाळी उठल्यावर घड्याळ सांगायचं, तुमची गाढ झोप कमी पडली. गृहस्थ तोवर ताजेतवाने असायचे, ते वाचलं की दमायचे. अशा घड्याळांपायी झोप बिघडवून घेणाऱ्यांसाठी २०१७ साली काही संशोधकांनी एक भारदस्त नावही काढलं, ‘ऑर्थोसोम्निया’. मित्राच्या बायकोनं ते घड्याळ कपाटात ठेवून दिलं, तिला नाव ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

जागा बदलण्याचा अर्थ मला पुस्तकांत सापडायच्या आधी बँकेत समजला होता. संगणक यायच्या आधीची लेजरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना बॅलन्सिंगच्या रात्री सांगायला नकोत. शेकडो खात्यांच्या शिलका उतरवायच्या, त्यांची बेरीज करायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळायला हवी. ती पहिल्या झटक्यात जुळली तर त्या दिवशी पेढे वाटावेत. बहुतेक वेळा फरक निघायचा. मग जुनी माणसं फरकाकडे वैद्यानं नाडीकडे बघावं तसं बघायची. फरकाला नऊनं नि:शेष भाग जातोय? मग कुणीतरी शेजारशेजारचे आकडे उलटे लिहिलेत. ३,७२० च्या जागी ३,२७० पडले की फरक ४५० चा. भाग जात नाही, पण फरक सम आहे? त्याची निम्मी रक्कम शोधा, जमेची रक्कम नावे पडली असेल.

या युक्त्या संपल्या की उरायची ती धडक मोहीम. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टिक करायची. रात्रीचे दहा वाजायचे, चहाचे पेले पालथे पडायचे, आणि तीच पानं तिसऱ्यांदा वाचली जायची. अशा वेळी आमचे एक हेडक्लार्क लेजर फटकन मिटायचे. ‘आता तुम्ही आकडे वाचत नाही, आठवताय,’ असं म्हणायचे आणि सगळ्यांना घरी हाकलायचे. दमलेला डोळा समोर जे लिहिलंय ते पाहत नाही, जे असायला हवं ते पाहतो, हे त्यांना कुठल्याही मानसशास्त्रज्ञाशिवाय कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, काउंटर उघडायच्या आत, कुणीतरी उभ्याउभ्या पान उलटायचं आणि फरक सापडायचा. नेहमीच नाही, पण इतक्या वेळा, की तो योगायोग म्हणणं अवघड.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सकाळी अर्ध्या तासात फरक सापडायचा तो रात्री चार तास मान मोडून काम झालेलं असायचं म्हणून. कुठली पानं तपासून झाली, कुठे शंका आहे, सगळं डोक्यात पेरलेलं असायचं. जो रात्री बसलाच नव्हता, त्याला सकाळी काही सापडल्याचं मी पाहिलेलं नाही.

थोर फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांनी नेमकं हेच १९०८ साली लिहून ठेवलं आहे. एका प्रश्नावर ते पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून झगडत होते. पुढे भूशास्त्राच्या सहलीला गेले, गणित विसरले आणि कूतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना, ध्यानीमनी नसताना, एक कळीची कल्पना त्यांच्या डोक्यात चमकली. हा प्रसंग सांगणारे पुष्कळ भेटतात. पण आधीच्या कष्टांशिवाय असं काही सुचत नाही आणि सुचलेलं पुन्हा बसून तपासावंच लागतं, हे प्वांकारे यांनी त्याच लेखात बजावलं आहे. ते सांगायला मात्र लोक विसरतात. पायरी सगळ्यांना हवी असते, पंधरा दिवस कुणालाच नको असतात.

जिथे काम क्षणात होतं किंवा बिघडतं, तिथे ही गोष्ट आणखी उघडी पडते. नेमबाजी घ्या. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून बारीक. तिथे हातानं रायफल ओढून ठिपक्यावर आणली तर ती तिथे टिकत नाही, स्नायू थकला की सरकते. म्हणून नेमबाजाला शिकवतात, की उभा राहा, डोळे मिट, अंग सैल सोड, मग डोळे उघडून बघ रायफल कुठे रोखली गेलीय. ठिपक्यापासून बाजूला असेल तर हात हलवू नकोस, पावलं हलव. आणि घोडा कधी झटक्यानं ओढायचा नाही, दाबत न्यायचा. ‘आता जुळलं, मार!’ असं मनानं म्हटलं की बोट दचकतं आणि नळी हलते.

अभिनव बिंद्रा २००४ साली अथेन्सला पात्रता फेरीत तिसरा होता, अंतिम फेरीत सातवा आला. २००८ साली बीजिंगला शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. बिंद्राची गोळी १०.८ ची लागली, हॅकिनेनची ९.७ ची. भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. पदकाऐवजी आपल्या हातातल्या प्रक्रियेवर लक्ष ठेवण्याबद्दल बिंद्रा पुढे अनेकदा बोलला आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसला अंतिम फेरीत गेला तो आठ जणांत सातव्या क्रमांकानं. आधीच्या टप्प्यांत तो पहिल्या तिघांत नव्हता. उभं राहून मारायच्या टप्प्यात वर सरकत गेला आणि ४५१.४ गुणांवर कांस्य घेऊन आला. त्याआधी किती वर्षं क्रीडा प्रबोधिनीचा सराव आणि रेल्वेतली नोकरी यांत गेली असतील, ते पदकावर लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे या सैलपणाला फार जुनं नाव आहे. आसन कसं साधतं हे सांगताना पतंजलींनी ‘प्रयत्नशैथिल्य’ असा शब्द वापरला. प्रयत्नाचा अभाव नव्हे, शैथिल्य. म्हणजे आधी प्रयत्न हवाच, नाहीतर सैल काय करणार? हे योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं सत्तेचाळिसावं सूत्र. कर्मावर अधिकार सांगून फळाचा मोह सोडायला सांगणारा गीतेतला प्रसिद्ध श्लोकही दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावाच. आकड्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला असा मेळ दिसला की बरं वाटतं, त्यात फार अर्थ शोधू नये.

याची दुसरी बाजूही आहे. ‘सोडून द्या, मिळेल’ हा उपदेश हल्ली बाजारात चांगला खपतो आणि तो विकणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात. ज्याच्या घरी उद्याच्या पिठाची भ्रांत आहे, ज्याच्या कर्जाचा हप्ता थकला आहे, त्याला अंग सैल सोडायला सांगणं ही चेष्टा झाली. हप्त्यांचे अर्ज घेऊन आलेली माणसं मी टेबलापलीकडून वर्षानुवर्षं पाहिली आहेत. त्यांना तत्त्वज्ञान नको असतं, मुदत हवी असते.

पण जिथे पिठाची भ्रांत नाही, त्या घरांत मुलांच्या अभ्यासाचं काय करून ठेवलंय आपण? लातूरच्या शिकवण्या, कोट्याची वसतिगृहं, नीट, जेईई. कोट्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या इतक्या झाल्या, की २०२३ साली तिथल्या जिल्हा प्रशासनानं वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढला. वजन पडलं की पंखा खाली यावा म्हणून. ती बातमी वाचल्यावर मी पेपर बाजूला ठेवला होता. पंखा सैल करायचं सुचलं, बाकीचं घट्टच राहिलं.

योगायोगानं १९०८ सालचीच आणखी एक नोंद आहे. यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांना दोन रस्त्यांतला योग्य रस्ता ओळखायला शिकवलं. चुकला की विजेचा हलका झटका. फरक ओळखायला सोपा होता तेव्हा झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले. फरक बारीक केला तेव्हा मात्र जोरदार झटक्यांनी त्यांचं शिकणं लांबलं, मध्यम झटक्यांतच ते चांगलं शिकले. उंदरांवरून पोरांची गणितं सोडवू नयेत, हे कबूल. तरी अवघड पेपरच्या आदल्या रात्री पाचव्यांदा ‘झालं का रे?’ विचारणाऱ्या आईबाबांनी हा प्रयोग एकदा वाचावा.

आमच्या वरच्या मजल्यावर यंदा बारावी आहे. दिवाळीपर्यंत त्या घरातून रोज रात्री आवाज यायचे. किती धडे झाले, किती राहिले, शेजारच्याचे किती झाले. मग आईनंच एक दिवस ठरवलं, की अभ्यासाची खोली, वेळेवर जेवण, अकराला दिवे बंद, एवढं आपण बघायचं. धडे त्यानं बघायचे. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘काका, आता मी फक्त जेवलास का विचारते. पण ह्यांना जमत नाही अजून. पाणी प्यायच्या निमित्तानं उठतात आणि दाराच्या फटीतून पानं मोजून येतात.’

पेपर फेब्रुवारीत आहेत.