वाफ न होणारा, सहजी न पेटणारा द्रव

अंबरनाथ पूर्वेला 1060 सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे, आणि याच शहरात डीआरडीओची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळाही आहे. पाणबुडीला हवेसाठी वारंवार वर यावे लागू नये म्हणून तिथे फ्युएल सेलवर चालणारी प्रणाली विकसित झाली. 8 मार्च 2021 रोजी तिच्या जमिनीवरील नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली.

या सेलमधला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन (विद्युतभारित कण) वाहून नेणारे माध्यम, आहे फॉस्फोरिक आम्ल. असे सेल साधारण 150 ते 200 अंश सेल्सिअसला चालतात. त्या तापमानात पाणी केव्हाच उडून जाईल. हे आम्ल मात्र फारसे उडत नाही, म्हणूनच त्याची निवड होते.

बॅटरीतही सुरक्षिततेचा मोठा भाग इलेक्ट्रोलाइटच्या निवडीवर ठरतो. मार्च 2022 मध्ये पुण्याच्या लोहगावात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर फिरली. कारणे अनेक असू शकतात, पण लिथियम-आयन सेल एकदा तापत गेला की आतला इलेक्ट्रोलाइटच इंधन बनतो. त्यात वापरल्या जाणाऱ्या डायमिथाइल कार्बोनेटची वाफ 20 अंशांच्या आतच ठिणगीने पेट घेऊ शकते.

इथे आयनिक द्रव कामाला येतात. हे द्रवरूप क्षारच. खायचे मीठ वितळायला 801 अंश लागतात. पण रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी 1914 मध्ये नोंदवलेला इथाइलअमोनियम नायट्रेट 12 अंशांनाच वितळतो. अशा क्षारांतले आयन मोठे आणि बेढब असतात, मापात न बसणाऱ्या दगडांसारखे. त्यांची घट्ट रचना जमत नाही आणि क्षार द्रवच राहतो. त्याची वाफ जवळजवळ होत नाही, त्यामुळे ज्वाळेला इंधन मिळत नाही. अर्थात फार तापवले, तर तेही विघटित होतात.

या संशोधनाला वेग आला तोही संरक्षण क्षेत्रातूनच. क्षेपणास्त्रांच्या थर्मल बॅटरीत क्षार कित्येकशे अंशांना वितळवावे लागत. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत जॉन विल्क्स आणि सहकारी कमी तापमानाला वितळणारे क्षार शोधत होते. 1992 मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवा व पाणी सोसणारे आयनिक द्रव प्रसिद्ध केले.

आयनिक द्रवांचे दोष उघड आहेत. ते दाट असतात, थंडीत विद्युतवहन मंदावते, किंमत जास्त आणि शुद्धता राखणे कठीण. मात्र तापमान वाढले की ते पातळ होतात आणि वहन सुधारते. म्हणून तापलेल्या यंत्रांजवळच्या किंवा तेलविहिरींतल्या, वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरसाठी त्यांचा विचार होतो.

अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात रसायन कारखाने आहेत आणि शेजारीच ऊर्जा-साहित्यावर काम करणारी प्रयोगशाळाही. शुद्ध आयनिक द्रव स्वस्तात बनवण्याचे आव्हान इथल्या उद्योजकांनी आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जरूर उचलावे.