पिशवी काढणं हा इलाज नव्हे

शिरूर-दौंडकडे ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांच्या बैठकीत वयात येण्याचा विषय निघाला, की सगळे उठल्यावर एखादी आई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "मॅडम, हिला काही कळत नाही हो. पाळीचं कसं निभवायचं? पिशवीच काढून टाकली तर?" आईचा राग येत नाही. तिला हे कुणीतरी सुचवलेलं असतं, नात्यातल्या बाईने, शेजारणीने, कधी चक्क डॉक्टरने. ऊसतोडीच्या पट्ट्यात पिशवी काढणं तसंही दात काढण्याइतकं साधं मानलं जातं. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात प्रश्न उठले होते. राग येतो तो या सल्ल्याच्या मुळाशी असलेल्या समजाचा. ऑटिझम असलेल्या मुलीला पाळीची स्वच्छता शिकवूनही जमणार नाही, असं लोक ठामपणे सांगतात, आणि शिकवून कुणी पाहिलेलं नसतं.

निदान शिरूरमध्ये तरी हा समज एव्हाना मोडायला हवा होता. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या मतिमंद मुलींच्या सरकारी वसतिगृहातल्या दहाहून अधिक जणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. त्यांना पाळीत स्वच्छता राखता येत नाही, असंच कारण तेव्हाही दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवला, देशभर वाद झाला, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या.

त्याच्या दहा वर्षं आधी, 1984 मध्येच, 'जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस'मध्ये रिचमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला होता. बौद्धिक अक्षमता असलेल्या पाच जणींना त्यांनी पॅड आणि डागाळलेली चड्डी बदलायला शिकवलं. त्या शिकल्या आणि नंतरही विसरल्या नाहीत. 2012 मध्ये क्लेट आणि तुरान यांनी ऑटिझम असलेल्या तीन मुलींना असंच शिकवल्याचं नोंदवलं आहे. अभ्यास छोटे आहेत, हे खरं. पण "जमणारच नाही" हे खोटं ठरवायला तेवढे पुरतात.

करायचं काय, तर कामाचे बारीक तुकडे. बाथरूममध्ये जा, कडी लाव, चड्डी खाली कर, वापरलेला पॅड काढ, कागदात गुंडाळ, डब्यात टाक, नव्या पॅडचा मागचा कागद काढ, चिकटव, चड्डी वर घे, हात धू. प्रत्येक पायरीचं चित्र भिंतीवर. सुरुवातीला हात धरून, मग नुसत्या खुणेने, मग तीही बंद. पायरी जमली की तिथल्या तिथे शाबासकी किंवा तिच्या आवडीची गोष्ट. पाळी येण्याची वाट पाहू नका. आठव्या-नवव्या वर्षापासून पॅडवर लाल रंगाचे थेंब टाकून सराव करता येतो. तोही तिच्या स्वतःच्या कपड्यांवर. 1990 च्या एका अभ्यासात बाहुलीवरचा सराव त्यापुढे फिका ठरला. पॅडचा स्पर्श काहींना अजिबात सोसत नाही. अशा मुलीला आधी कोरडा पॅड दोन मिनिटं, मग पाच, असं वाढवत न्यायचं, नाहीतर मऊ सुती कापड घ्यायचं. याला आठवडे लागतात, कधी महिने. काही जणींना मदत कायम लागेल. पण मदत लागते म्हणून अवयव कापायचा नसतो.

शस्त्रक्रियेनंतरही बीजकोश शाबूत असतील, तर संप्रेरकं तयार होत राहतात. चिडचिड, ओढ, वयात येणं काहीच थांबत नाही. "निदान काही वाईट घडलं तरी..." असं म्हणून लोक वाक्य अर्धवट सोडतात. ते पूर्ण करून पाहा. गर्भ राहणार नाही, म्हणजे गुन्हा उघडकीला यायची एक वाट बंद होईल. अत्याचार टळणार नाही. 'लॅन्सेट'मधल्या 2012 च्या आढाव्यानुसार बौद्धिक किंवा मानसिक अक्षमता असलेल्या मुलांवर लैंगिक हिंसा होण्याची शक्यता इतरांच्या 4.6 पट असते. शिवाय दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 चं कलम 10 सांगतं, की मूल होण्याची क्षमता घालवणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया त्या व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. व्यक्तीच्या, आईवडिलांच्या नव्हे.

बाकीचे समज थोडक्यात. शिकवलं की डोक्यात नसते विचार येतात? युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत जगभरचे अभ्यास तपासले आहेत. लैंगिक शिक्षणाने संबंध वाढत नाहीत. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं तेव्हाही लोक याच तक्रारी करत होते. मुलगा चारचौघांत चड्डीत हात घालतो, म्हणून चापट? चापटीने त्याला हे कुठे करायचं ते कळत नाही. "हे फक्त संडास-बाथरूममध्ये, दार लावून" असा एकच नियम घरात आणि शाळेत त्याच शब्दांत सांगा. तालमीत घातला की हे सगळं विरून जातं? व्यायाम जरूर द्या, विशेषतः रिस्पेरिडोनसारख्या औषधाने वजन वाढत असेल तर. आज रेल्वे फाटकापर्यंत चालत, पुढच्या आठवड्यात त्याच्या पुढे, परतल्यावर आवडीचं गाणं, अशी सवय लागते. झोप सुधारते, दम वाढतो. वयात येणं मात्र जोर-बैठकांनी रद्द होत नाही. बुद्धी पाच वर्षांची म्हणून पंचविशीतल्या मुलीलाही पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू? नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं, की वय म्हणजे शरीराचं वय. अठराच्या पुढे दुसरे कायदे.

एक समज आमच्याच, म्हणजे अशा पायऱ्या पाडून आणि शाबासकी देऊन शिकवण्याच्या, क्षेत्रातला आहे. बिहेवियर अ‍ॅनालिसिस म्हणजे मुलाला ऐकायला लावणं, असं काही शिक्षकही मानतात. सांगितलं की बस, सांगितलं की मिठी मार. मोठ्या माणसाचं प्रत्येक म्हणणं ऐकणारं मूल हे गुन्हेगाराला हवंच असतं. म्हणून त्याच पायऱ्यांनी, त्याच शाबासकीने "नाही" म्हणणंही शिकवायला हवं. बोलता येत नसेल तर हाताने ढकलून किंवा चित्राचं कार्ड दाखवून. मुलाने नकार दिला की मामाने, आत्याने, शिक्षकाने तिथेच थांबायचं. पाहुण्यांसमोर "दे ना पापी काकांना" म्हणत तो सराव मोडायचा नाही.