हात वर, त्याच संध्याकाळी

‘‘डॉक्टर, हात किती दिवस वर करायचा नाही?’’ स्तनवर्धनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेली बाई भूलतज्ज्ञाला, म्हणजे मला, हमखास हा प्रश्न विचारते. हात वर करायचा नाही हे तिने धरूनच चाललेले असते. फक्त दिवस मोजून हवे असतात. ऑपरेशन म्हणजे अंथरूण, मऊ भात आणि ‘हलू नकोस गं’, ही आपल्या घराघरांतली समजूत आहे.

हा विषय रविवारच्या पुरवणीत कशाला, असे काहींना वाटेल. पण मुंबई-पुण्यात ही शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे होते आहे आणि ती फक्त नट्याच करून घेतात असे नाही. जन्मतःच दोन बाजूंत ठळक फरक असलेल्या मुली येतात, मुले मोठी झालेल्या गृहिणी येतात. करावी की नाही, हा जिचा तिचा प्रश्न. करून घेतल्यावर लवकर बरे कसे व्हायचे, हे मात्र बोलले पाहिजे, कारण घरात त्याची कुजबुजही होत नाही.

अमेरिकेत ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी १९६२ मध्ये पहिल्यांदा सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले. ते पुष्कळदा छातीच्या स्नायूखाली बसवतात. स्नायू ताणला जातो, आखडतो आणि दुखतो. हे दुखणे अटळच, असे सगळे धरून चालले होते. डॅलसचे सर्जन जॉन टेबेट्स यांना ते पटले नाही. विटा रचणाऱ्या गवंड्याची प्रत्येक हालचाल तपासून वायफळ हालचाली गाळण्याची जी पद्धत फ्रँक गिलब्रेथ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केली, तीच टेबेट्स यांनी स्वतःच्या ऑपरेशनला लावली आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोटांनी रेटून जागा मोकळी केली की ऊती फाटतात, रक्त झिरपते; रक्ताने माखलेला भाग सुजतो आणि दुखतो. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल तेवढेच, विजेच्या उपकरणाने कापायचे आणि रक्तवाहिनी फुटण्याआधीच बंद करायची. मग नळ्या नकोत, घट्ट पट्ट्या नकोत, अफूच्या कुळातली वेदनाशामकेही नकोत, आयब्युप्रोफेन पुरते. हात डोक्यावर न्यायचे ते त्याच दिवशी. शंभरातल्या शहाण्णव जणी चोवीस तासांत रोजच्या कामाला लागल्या, असे त्यांनी नोंदवले.

ही एका कसबी सर्जनने स्वतःच्याच रुग्णांची ठेवलेली नोंद आहे. त्यामुळे चोवीस तासांचे आश्वासन मी कोणाला देत नाही. पण बरे होणे बरेचसे ऑपरेशनच्या टेबलावरच ठरते, हे मला पटते. कोपनहेगनचे हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियांबाबत जवळपास हेच दाखवून दिले होते.

त्यातला माझा वाटा मळमळीचा. छातीच्या ऑपरेशननंतर उलटीची उबळ आली की टाके ताणतात आणि बाई हलायलाच घाबरते. म्हणून मी आधी विचारते, ‘‘घाटात गाडी लागते का?’’ लागत असेल तर मळमळीची शक्यता जास्त. बायकांना ती अधिक होते, आणि सिगारेट न ओढणाऱ्यांनाही अधिक होते. (ही सिगारेटची जाहिरात नव्हे.) अशा वेळी भुलीचा वायू टाळून शिरेतून भूल द्यायची, उलटीची औषधे आधीच द्यायची. शिवाय २०११ मध्ये रफाएल ब्लँको यांनी वर्णन केलेल्या पद्धतीने, अल्ट्रासाउंडवर बघत, छातीच्या दोन स्नायूंमध्ये बधिर करणारे औषध सोडता येते. म्हणजे अफूवर्गीय औषध कमी लागते आणि मळमळही कमी.

आदल्या रात्रीपासून घोटभर पाणीही वर्ज्य, हा नियम आता जुना झाला. निरोगी माणसाला साधे पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा मात्र नाही. आणि मिश्री! ‘तंबाखू खाता का?’ याला ‘नाही’ म्हणणाऱ्या बाया ‘दात कशाने घासता?’ म्हटले की हसतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. चार आठवडे आधी मिश्री बंद, हे प्रत्येकीला सांगावे लागते.

सर्वांत अवघड असते ते गुपित सांभाळणे. एका बाईंनी सासूबाईंना ‘छातीतली गाठ काढायची आहे’ असे सांगितले होते. सासूबाई इतक्या धसकल्या, की त्यांनी नवस बोलला आणि तीन आठवडे सुनेला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही. सर्जनने सांगितलेला हाताचा व्यायाम बाई करणार कुठे? न्हाणीघरात, कडी लावून, जमेल तसा. खांदा आखडला तो आखडलाच. पुढे फिजिओथेरपिस्टकडे जावे लागले. (भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर सर्जन सांगेपर्यंत उचलायचे नाही हे खरे, पण तांब्या?)

दुसऱ्या काही जणी ‘मैत्रिणीकडे जाते’ म्हणून येतात आणि पहिली रात्र एकट्या काढायचा बेत करतात. मला खरी भीती त्यांची वाटते. आत रक्त साचले तर एक बाजू झपाट्याने फुगते, घट्ट होते, ठणकते. बहुधा पहिल्या दिवस-दीड दिवसातच. तेव्हा सकाळची वाट पाहायची नसते, तडक रुग्णालय गाठायचे असते. पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली, तरी तेच. पण भुलीच्या गुंगीतल्या बाईने आरशात पाहून हे ओळखावे कसे आणि रिक्षा बोलवावी कशी?

म्हणून तपासणीच्या दिवशीच मी विचारते, ‘‘त्या रात्री जवळ कोण असणार? खरे काय ते तिला ठाऊक आहे का?’’ बहीण, जाऊ, शेजारीण, कोणीही चालते. तिचे नाव आणि फोन नंबर कागदावर आल्याशिवाय मी ऑपरेशनची तारीख नक्की करू देत नाही.