गव्हाशिवाय नानकटाई : घरगुती धंद्याची नवी वाट

बेकरीचा धंदा आपल्या लोकांच्या हातचा. पाव, खारी, टोस्ट, नानकटाई यांत आपल्या कारागिरांची पिढ्यान् पिढ्यांची मेहनत आहे. परंतु हा सारा माल मैद्याचा, आणि आज बाजारात असेही गिऱ्हाईक आहे ज्याला मैद्याचा कणही चालत नाही. त्याच्यासाठी घरच्या घरी, थोड्या भांडवलात काय करता येईल, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

गहू, जव व राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला चिकटपणा त्यानेच येतो. सिलिएक या आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर खराब होते. मग अन्न अंगी लागत नाही, मुलांचे वजन वाढत नाही, रक्त कमी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला. गव्हाचा या आजाराशी असलेला संबंध तेथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला व 1950 साली आपल्या प्रबंधात मांडला. आजही या रोगावर पथ्य हाच इलाज आहे, आणि तो जन्मभराचा.

आता कृती पाहू. तांदळाची पिठी 100 ग्रॅम, ज्वारीचे पीठ 100 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, साजूक तूप 125 ग्रॅम, पिठीसाखर 110 ग्रॅम, वेलचीपूड व चिमूटभर मीठ घ्यावे. थिजलेले तूप व साखर पांढरी व हलकी होईपर्यंत फेसावी. मग पिठे चाळून घालावीत व हलक्या हाताने गोळा करावा. या पिठांना चिकटपणा नसल्याने पहिल्या खेपेस आमची नानकटाई हातातच भुगा झाली. दुसऱ्या वेळी गोळा अर्धा तास झाकून ठेवला, भाजल्यावर ताटातच पूर्ण गार होऊ दिली, तेव्हा ती नीट उतरली. ओव्हन 160 अंशांवर आधी तापवून 18 ते 20 मिनिटे भाजावी. वीस-वीस ग्रॅमच्या गोळ्या केल्यास एका घाण्यात सुमारे 24 नग होतात. त्यांतील दोन-तीन मोडणारच, हे धरून भाव काढावा. तूप, वीज, डबा व आपली मजुरी हिशेबात न धरणारा व्यापारी नफ्याच्या भ्रमात राहतो.

खरी अडचण कृतीची नाही, स्वच्छतेची आहे. ज्या गिरणीत आधी गहू दळला तेथेच ज्वारी दळून आणली, तर सारी मेहनत फुकट. म्हणून तांदूळ, ज्वारी व चण्याची डाळ अख्खी आणून, निवडून, वेगळ्या घरगुती चक्कीत दळावी. चाळणी, परात, लाटणे व तुपाचा डबा वेगळा ठेवावा. चपातीचे पीठ हवेत उडते, म्हणून त्या दिवशी त्या खोलीत कणीक मळूच नये. रवा हा गव्हाचाच, हे विसरू नये. बेकिंग पावडर वापरायची तर तिच्या डब्यावरील घटक वाचावेत.

कायद्याकडेही लक्ष हवे. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापायचे तर एका किलोत 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, आणि ते प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळत नाही. तपासणी झालेली नसेल, तर तो शब्द वापरू नये. ‘हा माल आजाऱ्यासाठी तपासलेला नाही’ असे गिऱ्हाइकाला सरळ सांगावे. एखादे गिऱ्हाईक परत जाईल, जाऊ द्यावे.

कारण साध्या मालात वजन थोडे कमी भरले तर गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात. येथे खोटे बोललो तर एखाद्या मुलाचे आतडे दुखावते. त्याची आई आपल्या शब्दावर विसंबून ती नानकटाई त्याच्या हातात देते. तो भरवसा ज्याने राखला, त्याला जाहिरातीची गरज पडणार नाही. अशा घरांतील माणसे एकमेकांना धरून असतात. चांगल्या मालाची बातमी तीच पोहोचवतात, आणि वाईटाचीही.

आमच्या भगिनींनी एका किलोपासून सुरुवात करावी. घाई नको, उधारी नको. हात बसला की तपासणी करून घ्यावी आणि मगच डब्यावर तो शब्द छापावा.